दाराजवळचं बाक

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून कुणालाही सरळ उठून जाता येत नसे. तपासून झालं, गोळ्या मिळाल्या, आता चपला पायात सरकवायच्या की झालं, असं वाटत असतानाच मागून आवाज यायचा, "स्वल्प कूतकोळ्ळी." म्हणजे थोडं बसा. दाराला लागूनच एक लाकडी बाक होतं, अरुंद, पाठ नसलेलं. पेशंट त्याच्यावर बसायचा आणि डॉक्टर आपली खुर्ची सोडून त्याच्या शेजारी येऊन बसायचे. बोलायचं काही नाही. दोघांनी समोरच्या भिंतीकडे बघत राहायचं. भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं, त्यातली तारीखसुद्धा चालू वर्षाची नव्हती. जरा वेळानं डॉक्टर गुडघ्यावर थाप मारून उठायचे, "सरी, आता निघा," आणि पेशंटची सुटका व्हायची.

नवीन पेशंट हमखास घाबरायचे. त्यांना वाटायचं, काहीतरी मोठं निघालंय आणि डॉक्टरांना सांगवत नाहीये. एक बाई तर बसल्या बसल्या रडायलाच लागल्या होत्या. त्यांना फक्त पित्त झालं होतं.

दवाखाना बेंगळुरूच्या चामराजपेटेत, एका उदबत्तीच्या दुकानाच्या वर. वर जायला दगडी जिना, चांगलाच उभा. जिन्यातून दिवसभर चंदनाचा, मोगऱ्याचा वास वर येत राहायचा, त्यामुळे जुलाब असोत की कावीळ, आमच्या पेशंटना देवळात आल्यासारखं वाटायचं. डॉक्टर मूळचे निपाणीकडचे. सोव्हिएत युनियन नकाशावर होतं त्या काळात ते स्कॉलरशिपवर तिकडे डॉक्टरी शिकायला गेले आणि परत येऊन इथे बसले. गल्लीत त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. रिक्षावाल्याला 'रशिया डॉक्टर' म्हटलं की तो बरोबर जिन्याशी आणून सोडायचा. गेल्या वर्षी ते गेले, दुपारच्या झोपेत, कुणाला काही त्रास न देता. शेवटचं वर्षभर खुर्चीवर मी बसायचे आणि बाकाचं काम तेवढं त्यांच्याकडे होतं.

बाकाची पद्धत तिकडचीच. लांबच्या प्रवासाला निघताना रशियात घरातली सगळी माणसं, जाणारी आणि मागे राहणारी, क्षणभर गप्प बसतात आणि मगच दार उघडतात. बसून निघालेला माणूस सुखरूप परत येतो, असं मानतात. "आपण निघताना 'येतो' म्हणतो की नाही, तसंच. आपण तोंडानं म्हणतो, ती लोकं बसून म्हणतात," असं ते सांगायचे. मी एकदा म्हटलं, "अहो पण डॉक्टर, पेशंटनं परत येऊ नये अशीच इच्छा हवी ना आपली?" त्यावर माझ्याकडे रागानं बघितलं आणि बिस्किटांचा डबा माझ्यापासून लांब सरकवला.

मीही तसलीच, बाहेरून शिकून आलेली. आम्ही पुण्याचे. बाबांना इथे बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मी शाळेत होते, तेव्हापासून इथलेच झालो. बारावीनंतर इथे मेडिकलला प्रवेश मिळाला नाही म्हणून किर्गिझस्तानला गेले. डिग्री घेऊन परत आले तेव्हा आईनं विमानतळावर हार घातला आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'आमची डॉक्टर' म्हणून फोटो टाकला. मी अजून कुणाचीच डॉक्टर नाही, हे तिला समजावून सांगायचा मला धीर झाला नाही. बाहेरून शिकून आलेल्यांना इथे स्क्रीनिंगची परीक्षा द्यावी लागते. ती पास होईपर्यंत साधी तापाची गोळीसुद्धा लिहून देता येत नाही. पहिल्या खेपेला मी आपटले. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू रोज कोपर पुढे करायच्या, "जरा बघ गं, इथे ठणकतंय," आणि मी मधल्याच मजल्यावर उतरून पुढचे मजले जिन्यानं चढायची.

मराठी मंडळातल्या कुणाकडून तरी आईला या डॉक्टरांचा पत्ता लागला. 'तेही तिकडचेच आहेत, बसून तरी काहीतरी शिकशील,' म्हणून तिनं माझी रवानगी केली. मार्केटच्या बसमधून होसूर रोडचा सगळा ट्रॅफिक पार करून मी चामराजपेटेत पोचले ती वैतागूनच.

दारात उभी राहिले तेव्हा डॉक्टर एका म्हाताऱ्या बाईंच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून बसले होते. खालच्या दुकानात उदबत्त्या वळणाऱ्या बाई, बोटांना काळा मसाला लागलेला. डॉक्टर म्हणाले, "दिशीते!" बाईंनी छाती भरून श्वास घेतला. "न्ये दिशीते!" बाईंनी श्वास धरून ठेवला. मला हसू आवरेना. श्वास घ्या आणि श्वास धरा, याचं ते रशियन होतं. किर्गिझस्तानात, बिश्केकच्या वॉर्डात मी हेच ऐकलं होतं, आणि इथे तुमकूरच्या पलीकडे कधी न गेलेली आजी ते हुकूम मुकाट्यानं पाळत होती. पुढे कळलं की अख्ख्या गल्लीला एवढं रशियन येतं. त्यांना ते डॉक्टरी कन्नड वाटायचं.

"हसलीस का? कळलं काय तुला?" डॉक्टरांनी विचारलं. मी रशियनमध्येच उत्तर दिलं आणि आईनं दिलेला चकलीचा डबा पुढे केला. ते एकदम मागे सरकले. "उंबऱ्यावरनं नाही! आत ये, मग दे." उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभं राहून काही दिलं-घेतलं की भांडण होतं, हीसुद्धा तिकडचीच समजूत. मी आत गेले. त्यांनी डबा घेतला, एक चकली तोंडात टाकली आणि म्हणाले, "उच्चार किर्गिझ आहेत तुझे. असू दे. परवाना आहे?"

"नाही."

"मग पेशंटला हात लावायचा नाही. त्या कोपऱ्यात बस. डोळे आहेत, कान आहेत, तेवढं पुष्कळ झालं."

"पण मी डॉक्टर आहे," मी म्हटलं. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"परवाना आला की म्हणेन डॉक्टर. तोवर पोरीच."

आणि पोरीच म्हणत राहिले. मीही जात राहिले.

त्यांची आणि थंडीची जुनी ओळख होती, त्यामुळे बेंगळुरूच्या थंडीचा ते येता-जाता अपमान करायचे. डिसेंबरात सगळी चामराजपेट माकडटोप्या घालून फिरत असताना हे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. कुणी कानाला मफलर गुंडाळून आलं की, "काय, सैबेरियाला निघालात?" पण हाच माणूस आरपार वाऱ्याला मात्र जाम घाबरायचा. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघड्या राहिल्या की हातातलं इंजेक्शन बाजूला ठेवून आधी एक खिडकी लावून यायचे. रशियातल्या काळ्या पावाची चव इथल्या नाचणीच्या उकडलेल्या गोळ्याला, मुद्देला, येते, असा त्यांचा दावा होता. मी दोन्ही खाल्लंय. येत नाही.

एकदा टायफॉइडमधून उठलेल्या एका मुलानं डझनभर गुलाब आणले. डॉक्टरांनी फुलं मोजली आणि त्यांचा चेहराच पडला. सम संख्येची फुलं तिकडे मयताला वाहतात. त्यांनी घाईघाईनं त्यातलं एक ओढून काढलं आणि गौरक्काच्या हातात दिलं. गौरक्का म्हणजे दवाखान्याची सगळी व्यवस्था बघणारी बाई. नंबर लावायची, ड्रेसिंग करायची, डॉक्टरांना ओरडायचीही. तिनं ते फूल केसात माळलं आणि तेव्हापासून कुणीही फुलं आणली की दारातच विचारायची, "एक काढू, सार?"

पण सगळ्यात मोठा छंद हातांचा. पेशंटच्या अंगाला गार हात लावणं त्यांच्या लेखी शिवी देण्यासारखं होतं. गौरक्का सारखी फिल्टर कॉफी करून आणायची, आणि ती कॉफी ते पीत नसत. स्टीलचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसायचे, तळवे तापले की पेला खाली ठेवून पेशंटच्या पोटाकडे वळायचे. रशियातल्या हिवाळ्यात त्यांच्या बाईंनी, म्हणजे प्रोफेसरीणबाईंनी, ही सवय लावली होती. "गार हात लावलास की पोट आवळतं. आवळलेलं पोट खोटं बोलतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एप्रिलमध्ये, पंखा फुल असताना, हे हात शेकत बसलेले. गौरक्का चिडायची, "अय्यो, प्यायचीच नसेल तर नुसतं गरम पाणी देते की!" पण गरम पाण्याला वास नसतो म्हणून डॉक्टरांना ते चालायचं नाही.

मला बाकाचा प्रकार अंधश्रद्धाच वाटायचा. एक दिवस एक रिक्षावाला गुडघा दुखतो म्हणून आला. डॉक्टरांनी गुडघा बघितला, मलम दिलं, आणि मग नेहमीसारखे दोघं बाकावर जाऊन बसले. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसले होते. मग रिक्षावाला भिंतीकडे बघतच म्हणाला, "डॉक्टरे, संध्याकाळ झाली की मला नीट दिसत नाही. समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यात फुटतो. परवा एक मूल थोडक्यात वाचलं." गुडघ्याचं त्याला काहीच पडलं नव्हतं. हे सांगितलं तर धंदा बंद होईल, या भीतीनं तो मलम घेऊन जाणार होता. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मोतीबिंदू होता. परत आल्यावर मला म्हणाले, "खुर्चीवर बसलेला माणूस दुखतंय ते सांगतो. बाकावर बसला की भीती वाटते ते सांगतो. आपल्याला दुसरं पाहिजे असतंय."

मी पुस्तक मिटलं. त्यात असं काही दिलेलं नव्हतं.

माझ्या परीक्षेची त्यांना भयंकर चीड. "चार पर्याय? पेशंटला नेहमी पाचवा आजार असतो!" एका रिकाम्या दुपारी मी म्हटलं, मग सोडवून दाखवा की. ते लगेच बाह्या सरसावून माझ्या टॅबलेटसमोर बसले. तासाभरानं निकाल आला. माझ्यापेक्षाही वाईट. ते सुन्न होऊन स्क्रीनकडे बघत राहिले, मग उठले आणि गौरक्काला म्हणाले, "संध्याकाळी पेशंट घेऊ नको. डॉक्टर नापास झालाय." मला वाटलं चेष्टा करतायत. पण गौरक्कानं खरंच जिन्याच्या तोंडाशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगितलं. लोक काळजीत पडले. उदबत्तीवाल्या आजी धापा टाकत वर आल्या आणि डॉक्टरांच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "होऊ दे रे, पुन्हा बस परीक्षेला."

ते खरंच बसले. म्हणजे माझ्याबरोबर अभ्यासाला. सत्तरी उलटलेला माणूस रोज दुपारी माझ्याशी पैज लावून प्रश्न सोडवायचा आणि उत्तर चुकलं की पुस्तकाशी भांडायचा. त्यांना अशी चीड का येते, ते मला हळूहळू कळत गेलं. ते शिकून परत आले तेव्हा लोकांनी तोंडावर विचारलं होतं, "रशियाचे डॉक्टर? माणसांचे की घोड्यांचे?" या जिन्यावर पाऊल ठेवायला कुणी तयार नव्हतं. शेवटी खालच्या बायकांचा खोकला वरपर्यंत ऐकू येत होता, तेव्हा हेच खाली उतरून त्यांच्यात जाऊन बसले. "आमच्या वेळी परीक्षा नव्हती. लोकच परीक्षा घेत होते, रोज. आणि निकाल लावतच नव्हते," असं एकदा बोलून गेले. बाहेरून शिकून आलेल्या माणसाला आपल्याच गावात आपण खरे आहोत हे पटवत बसावं लागतं. त्यांना ते माहीत होतं, म्हणून त्यांनी मला कोपरा दिला होता. हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मला कळलं एवढंच.

दुसऱ्या खेपेचा निकाल मी सिल्क बोर्डच्या सिग्नलला, बसमध्ये उभ्या उभ्या फोनवर पाहिला. नापास. थोडक्यात गेले होते, पण थोडक्यात नापास होणाऱ्यालाही नापासच म्हणतात. इंदिरानगरातल्या एका कंपनीनं मला आधीच विचारून ठेवलं होतं. अमेरिकेतल्या पेशंटच्या आजारांना विम्याच्या कागदांसाठी सांकेतिक आकडे लावायचं काम. एसी ऑफिस, गळ्यात आयडी कार्ड, आणि पेशंट हजारो मैल लांब. मी बसमध्येच हो कळवून टाकलं.

डॉक्टरांना सांगायला गेले. वाटलं होतं चिडतील, समजावतील. त्यांनी कॉफीचा पेला फिरवत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सरी." ठीक आहे, एवढंच. मी उठले, पर्स खांद्याला लावली.

"बैस की जरा."

"नको हो डॉक्टर, हे सगळं. मी काही रशियाला चालले नाहीये."

"चाललीयास की. लांबच चाललीयास. बैस."

बसले. ते शेजारी येऊन बसले. समोर तेच कॅलेंडर. गौरक्का आत भांडी विसळत होती. मी ठरवलं होतं, एक अक्षर बोलायचं नाही. पण त्या बाकावर नुसतं गप्प बसणं मला जमेना.

"मला नापास व्हायची भीती नाही वाटत," मी म्हणाले. "पास व्हायची वाटते."

मी पुढे बोलतच राहिले.

"कोरोनात आम्हाला घरी पाठवलं. वॉर्डात उभं राहायची ती वर्षं मी बोम्मसंद्र्याच्या माझ्या खोलीत, फोनवर काढली. फोनवर पोट तपासलं, फोनवर बाळंतपण बघितलं. परत गेले तर एका पेशंटभोवती वीसजणांचा घोळका, त्यात मी सगळ्यात मागे. मी आजपर्यंत एकाही माणसाच्या छातीवर नीट हात ठेवलेला नाही, डॉक्टर. पास झाले की ठेवावा लागेल. आणि माझ्या हाताला काही कळलंच नाही तर?"

हे मी आईबाबांनाही सांगितलं नव्हतं. हार घालून आणलेल्या मुलीनं ते कसं सांगायचं?

डॉक्टर उठले. आत आवाज दिला, "गौरक्का, कॉफी बिसी माडी!" गरम कॉफी आली. तो पेला त्यांनी माझ्या हातात दिला, स्वतः पेशंटच्या स्टुलावर जाऊन बसले आणि शर्टाची बटणं सोडायला लागले.

"पेशंटला हात लावायला परवाना लागतो. मला लावायला लागत नाही. हात तापले की ये."

इंदिरानगरची नोकरी मी दुसऱ्याच दिवशी नाकारली. आईला वाटलं मला वेड लागलंय. तिचं फारसं चुकलं नव्हतं, कारण पुढचे कितीतरी महिने रोज दुपारी मी एका म्हाताऱ्याच्या छातीवर बोटं वाजवत होते. डाव्या हाताचं मधलं बोट छातीवर सपाट ठेवायचं, उजव्या हाताच्या बोटानं त्याच्यावर ठोकायचं. फुप्फुसावर पोकळ आवाज येतो, हृदयावर भरीव. मार्केटात कलिंगड वाजवून घेतात तसंच. काखेकडून आत सरकत यायचं आणि आवाज बदलेल तिथे बॉलपेननं रेघ मारायची. तिकडे त्यांना असंच शिकवलं होतं. पहिल्या दिवशी माझ्या रेघेनुसार त्यांचं हृदय खांद्यात होतं. "एवढं मोठं मन नाही माझं," ते म्हणाले. मग ओलं फडकं घ्यायचं, पुसायचं, पुन्हा. कधी कधी पुसायचं राहून जायचं आणि ते तसेच घरी जायचे. त्यांच्या बायकोनं एकदा फोन करून मला विचारलं, "अगं, ह्यांच्या अंगावर नकाशे कोण काढतंय?"

हळूहळू माझ्या बोटांना ऐकू यायला लागलं. यकृताची कड कुठे, डावं फुप्फुस कुठे संपतं, हृदयाची रेघ कुठे येते. रोज तिथेच यायची, स्तनाग्राच्या जरा आत. त्यांच्या छातीवर एक तीळ होता, त्याला खेटून. मी डोळे मिटूनही ती रेघ मारू शकले असते. ते शरीर मला माझ्या घरासारखं पाठ झालं होतं.

तिसऱ्या खेपेला निघाले तेव्हा त्यांनी बसवलं. गौरक्कालाही हात धुऊन येऊन बसायला लावलं. मी पास झाले. निकाल सांगायला फोन केला तर पलीकडून आधी रशियनमध्ये आरोळी आली आणि मग लगेच, "माझे किती आले असते गं?"

मग इंटर्नशिप. सरकारी दवाखाना, तिथे श्वास घ्यायला फुरसत नाही. चामराजपेटेत जाणं कमी झालं, फोनही कमी झाले. ते कधी स्वतःहून करत नसत. वर्ष कसं गेलं ते कळलं नाही. परवाना, म्हणजे नोंदणीचा कागद, हातात पडला त्या दिवशी मात्र धारवाडी पेढे घेऊन सकाळीच पोचले. उंबरा ओलांडून आत गेले आणि मगच पेढे पुढे केले.

डॉक्टर थोडे वाळल्यासारखे वाटले. पण चेहरा खुलला होता. त्यांनी पेढ्यांना हात लावला नाही. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि पेशंटच्या स्टुलावर बसले. खुर्चीकडे बोट केलं. "बैस. पहिला पेशंट मी."

गौरक्कानं न सांगता कॉफी आणली. मी पेला हातात धरला, तळवे तापेपर्यंत.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काही नाही. म्हातारा झालोय. तपास."

त्यांनी बटणं सोडली. मी काखेकडून सुरुवात केली. हसत होते खरं तर, पेढ्यांकडे लक्ष होतं. ठोकत आत आले आणि आवाज बदलला. लवकर बदलला. मी थांबले. हात उचलला, पुन्हा काखेपासून आले. तीळ अजून बोटभर आत होता आणि माझ्या बोटाखाली आवाज भरीव झाला होता. हृदय मोठं झालं होतं. स्टेथोस्कोप लावला. जिथे मला दोन स्वच्छ ठोके ऐकायची सवय होती, तिथे मधे काहीतरी फुसफुसत होतं. मी खाली वाकून त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. सुजेत खड्डा पडला आणि तसाच राहिला.

वर बघितलं तर ते छताकडे बघत होते. चाळीसहून जास्त वर्षं डॉक्टरी केलेल्या माणसाला हे माहीत नसेल, असं कसं म्हणू?

"झालं?" त्यांनी भराभर बटणं लावली. "छान. हात चांगला आहे. आता घरी जेवायला जातो, पेढे तेवढे बांधून दे." आणि दाराकडे निघालेसुद्धा.

एवढ्या वर्षांची ती खुर्ची, त्यात मी, आणि ते दाराकडे चाललेले. मग माझ्या तोंडून निघालं, "थोडं बसा."

ते पाठमोरेच थांबले. वळून माझ्याकडे बघितलं, बाकाकडे बघितलं. वाटलं, ओरडतील. पण ते बसले. मी जाऊन शेजारी बसले. समोर कॅलेंडर. खालून चंदनाचा वास येत होता.

ते बोलले ते रशियनमध्ये, गौरक्काला कळू नये म्हणून. "जिना एका दमात चढवत नाही. मधे थांबतो आणि लोकांना सांगतो की फोन आलाय. आडवं झालं की गुदमरतं. उश्यांवर उश्या घेऊन बसूनच झोपतो."

"कधीपासून?"

"तू इंटर्नशिपला गेल्यावर सुरू झालं."

"कुणाला दाखवलं?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग मराठीत म्हणाले, "सगळ्या गावाला मी इथं बसवलं. मला कोण बसवणार होतं?"

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. "खुळे आहात काय तुम्ही?" मी त्यांच्याच निपाणीच्या बोलीत ओरडले. "उदबत्तीच्या आजीला असं झालं असतं तर उचलून नेलं असतंत! आत्ता निघायचं. आत्ताच्या आत्ता, हॉस्पिटलमध्ये."

"उद्या जाऊ की. संध्याकाळचे पेशंट..."

"आज. गौरक्का, रिक्षा बोलवा."

गौरक्काला रशियन दिशीते-न्ये दिशीतेच्या पुढे येत नव्हतं, पण ती केव्हाचीच डोळे पुसत जिना उतरत होती. खालून तिनं हाक मारली, "सार, ऑटो बंतु!" रिक्षा आली होती. मी त्यांच्या चपला पुढे केल्या. ते उठले, चपला घातल्या, उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरून बाकावर येऊन बसले.

"आता काय?"

"मघाशी पेशंट म्हणून बसलो होतो," ते म्हणाले. "आता निघायचं म्हणून बसायला नको?"

आवाज नेहमीचाच होता, पण उंबऱ्यावरून ते मागे फिरले होते. त्यांना भीती वाटत होती. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहत होते. मी शेजारी बसले आणि त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडी बघतेय असं दाखवलं, पण मोजत काहीच नव्हते. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आम्ही दोघं भिंतीकडे बघत राहिलो.

"हात गरम आहेत तुझे, डॉक्टर," ते म्हणाले.